टायमर लावला, म्हणजे झालं?

जुलैतल्या एका रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठलो, तर हॉलमध्ये लख्ख उजेड. फिशटँकची लाइट चालू होती. खरं तर दुपारी एकला लागून रात्री नऊला ती बंद व्हायला हवी, तसा टायमरच लावलेला. आजी दिवाणावर जागीच होती. म्हणाली, "चार दिवस झाले रे, मासे रात्रभर जागे असतात."

कारण शोधायला वेळ लागला नाही. माझा टायमर साधा, चकतीवर ९६ पिना असलेला. एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं. पण ती चकती फिरते विजेवरच. रत्नागिरीच्या पावसात तारेवर फांदी पडली की लाइट जाते, आणि लाइट गेली की चकती जागच्या जागी थांबते. सगळं मिळून सहा तास वीज नव्हती, म्हणजे माशांचा दिवसही सहा तास पुढे सरकला.

हे चार दिवस मला कळलं कसं नाही? टायमर लावल्यापासून मी टँककडे नीट बघतच नव्हतो.

टायमर आणला होता तो काळजीपोटीच. बहुतेक माशांना पापण्या नसतात, त्यामुळे उजेड नको असला तरी डोळे मिटायची सोय नाही. अंधार पडला की त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच मेलाटोनिन तयार होतं. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं पानं मिटणारं झाड अंधारात ठेवलं, तरी पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. सजीवांच्या आतल्या या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेत चालतं, आणि टँकमधला उजेड माझ्या हातात असतो. टायमर नव्हता तेव्हा रात्रीचे कॉल लांबले की लाइट चौदा-चौदा तास चालू राहायची, काचेवर शेवाळ धरायचं. तेव्हा मासे माझ्या लहरीवर जगत होते. टायमरने त्या लहरीला लगाम घातला, हे मान्यच करायला हवं.

मग चुकलं कुठे? आठवण ठेवायचं काम मी यंत्राला दिलं, आणि त्यासोबत बघायचं कामही देऊन टाकलं. पण यंत्र फक्त ठरलेलं करतं. समोरच्याचं काय होतंय, हे त्याला दिसत नाही.

आजीला विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तू लावलंयस म्हणजे काहीतरी विचार करूनच लावलं असशील."

हे मला जास्त लागलं. लाइट मी हाताने चालू ठेवली असती, तर तिने पहिल्याच रात्री ओरडून बंद करायला लावली असती. यंत्राने ठेवली म्हणून ती चूक न वाटता नियम वाटली. डोळ्यांवर उजेड घेऊन ती चार रात्री गप्प पडून राहिली. मी माशांच्या झोपेचा हिशेब मांडला होता. त्याच खोलीत झोपणारी आजी त्या हिशेबात कुठेच नव्हती.

आमच्या गावात थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत कैदेत होता. त्याच्यासाठी हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. राजवाडा मिळाला, पण कुठे राहायचं हे ठरवणारे दुसरेच. तरी थिबा सरकारकडे अर्ज करू शकत होता, आणि करतही होता. माशांना ते जमत नाही. आजीला जमलं असतं, पण तिने केलं नाही. म्हणून ज्यांचा दिवस आपल्या हातात आहे, त्यांनी तक्रार करण्याची वाट बघणं मला आता बरोबर वाटत नाही. जाऊन बघायची जबाबदारी ठेवणाऱ्याची.

आता बॅटरीवाला डिजिटल टायमर घेतलाय. लाइट गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. तरीही रात्री नऊला कॉल म्यूट करून हॉलमध्ये जातो. लाइट बंद होते, टेट्रा झाडांच्या आडोशाला सरकतात. मग आजीला विचारतो, "उजेड येतोय का गं कुठून?"

परवा म्हणाली, "येतोय. तुझ्या खोलीतून."