दुसऱ्या पुस्तकाची जबाबदारी

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रातल्या शाळांत २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाटांची कुलुपे निघतात, मुलांच्या हाती पुस्तके येतात, तास-दोन तास वाचन होते आणि त्याची छायाचित्रे वरिष्ठांकडे रवाना होतात. या दिवसाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, तिथल्या मुलाला वर्षातून एकदा का होईना, गोष्टीचे पुस्तक मिळते हे थोडे नाही. पण पहिले पुस्तक योगायोगानेही हाती लागते. ते वाचून संपले की मूल मान वर करून ‘आता कोणते?’ असे विचारते, बहुतेक वेळा न बोलताच. त्या क्षणी समोर उत्तर देऊ शकणारा माणूस असेल तर वाचन पुढे सरकते, नसेल तर तिथेच थांबते. म्हणून शालेय ग्रंथालयाची नैतिक जबाबदारी खऱ्या अर्थाने दुसऱ्या पुस्तकापासून सुरू होते, असे मला वाटते. ही जबाबदारी कपाटावर, योजनेवर किंवा मोबाइलवर सोपवता येत नाही. मूल आणि पुस्तक या दोघांचीही ओळख असलेल्या माणसानेच ती उचलायची असते.

कायद्याने आपला वाटा उचललेला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. शंभर रुपयांचे एक पुस्तक धरले तरी वर्षाला पन्नास पुस्तके झाली. यू-डायस प्लसच्या माहितीत शाळेत ग्रंथालय आहे का आणि पुस्तके किती, हेही भरावे लागते. एवढ्या सगळ्यातून ‘किती’ ते कळते. कोणते पुस्तक कोणापर्यंत पोहोचले आणि त्याचे पुढे काय झाले, ते कळत नाही. ग्रंथालयशास्त्राचे भारतातले आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन सूत्रे लागोपाठ येतात. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे मुख्य काम, असे ते मानत. पुस्तके जपणे हे त्याच्या पोटातले काम. आपल्या बहुतेक शाळांत हा क्रम उलटा आहे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याकडून वसूल होईल या धास्तीने शिक्षक कपाट बंद ठेवतो. त्याला दोष कसा द्यावा? फाटलेल्या पुस्तकाचा जाब विचारणारी व्यवस्था न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कोणालाच काही विचारत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथे मूल एका जागी टिकत नाही. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे भोसरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत आली, टेल्को आणि बजाज आले, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाहन उद्योग चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत पसरला. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१मध्ये सुमारे १० लाख १२ हजार होती, ती २०११मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. यात मराठवाडा-विदर्भातून आलेली कुटुंबे आहेत तशीच उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेलीही आहेत. कंत्राट संपले, ठेकेदार बदलला, खोलीचे भाडे वाढले की बिऱ्हाड हलते. भोसरीतले मूल सहामाहीनंतर नाणेकरवाडीत बसते, तिथून कधी गावी जाते आणि परतते ते तिसऱ्याच शाळेत. हे घडणार हे शिक्षण हक्क कायद्याने ओळखले होते. कलम ५नुसार मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. त्या दाखल्यावर जन्मतारीख असते, मातृभाषा आणि जात असते, प्रगती आणि वर्तणुकीचा रकाना असतो. मात्र या मुलाने काय वाचले, त्याला काय आवडले, ते कुठवर येऊन थांबले, याची एक ओळही पुढच्या शाळेत जात नाही. तिथे त्याचे वाचन पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरू होते. अशा मुलाला वर्षानुवर्षे पहिलीच पुस्तके मिळत राहतात आणि दुसरे पुस्तक काही मिळत नाही.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक मुलाची एक छोटी वाचनवही असावी आणि ती दाखल्याबरोबर मुलाच्याच हाती जावी. पुस्तकाचे नाव, आवडले की नाही, आणि अर्ध्यात सोडले असेल तर का, एवढेच तिच्यात असावे. सहावीत आलेल्या नव्या मुलीच्या वहीवर पाच मिनिटे नजर टाकली तरी शिक्षकाला तिची जी ओळख होईल, ती गुणपत्रकावरून होणार नाही. इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मुलाच्या वाचनाची नोंद ठेवणे ही पाळतच नाही का? मोठ्या माणसाने ग्रंथालयातून काय नेले, ही त्याची खासगी बाब आपण मानतो. मग मुलाची का मानू नये? म्हणूनच ही वही मुलाच्या मालकीची असावी, कपाटात राहू नये. तिला गुण नसावेत, तिची तपासणी नसावी, ती कोणत्याही पोर्टलवर चढवली जाऊ नये. ज्या दिवशी वहीतल्या पुस्तकांची संख्या मोजून बक्षीस दिले जाईल, त्या दिवसापासून मुले न वाचलेली नावे लिहू लागतील आणि आपण त्यांना वाचनाऐवजी लबाडी शिकवलेली असेल. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाची नोंद सर्वांत मोलाची, कारण पुढचे पुस्तक कोणते असू नये हे तीच सांगते. मूल ती नोंद खरी करील ते मात्र शिक्षा होणार नाही याची खात्री असेल तरच.

दुसरा आक्षेप कळीचा आहे. आधी मुलांना वाचता तर येऊ दे, मग आवडीनिवडीचे बोला, असे अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात. त्यामागे वस्तुस्थिती आहे. ग्रामीण भारतातल्या ‘असर’ पाहणीत २०१८मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. पण या आकड्यांवरून योग्य पुस्तक सुचवण्याची गरज वाढते, कमी होत नाही. ज्याला सफाईने वाचता येते ते मूल चुकीचे पुस्तक बाजूला सारून दुसरे शोधते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला मात्र एका चुकीच्या पुस्तकावरून ‘आपल्याला वाचन जमत नाही’ असे वाटू लागते. त्यातही केवळ पातळी जुळवून भागत नाही. तेरा वर्षांच्या, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलाची वाचनाची पातळी दुसरीची आहे म्हणून वर्गासमोर त्याच्या हाती ससुल्याची गोष्ट दिली, तर पातळी साधते आणि मूल दुखावते. त्याच्या वयाचा मान राखणारे, तरीही सोपे पुस्तक शोधावे लागते. वाक्ये लहान असतील पण विषय लहान नसेल, असे. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारी त्यांची पुस्तके कित्येक भाषांत पोहोचली. चित्र पाहायचे, दोन ओळी वाचायच्या, वस्तू करून बघायची. ज्याचे वडील दिवसभर जोडणीच्या लाइनवर उभे असतात, त्या मुलाला हे पुस्तक कमीपणाचे वाटणार नाही. पण हे सुचायला मुलाच्या घरची कल्पना हवी आणि पुस्तकही चाळलेले हवे.

तिसरा आक्षेप संस्कारांचा. शाळेने चांगलीच पुस्तके द्यावीत, मुले म्हणतील ती नव्हेत, असे पालकांना वाटते, शिक्षकांनाही वाटते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने पिढ्यान्पिढ्या वाचक घडवले हे खरेच आहे, आणि आजही ते पुस्तक सुचवावे असे मूल प्रत्येक वर्गात भेटेल. पण तेच पुस्तक वर्गातल्या चाळीस जणांना सक्तीने दिले की पुस्तकावरही अन्याय होतो आणि मुलांवरही. कोणते पुस्तक चांगले, हे ते कोणाच्या हाती जाते यावरही ठरते. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९०मध्ये असे मांडले की मुलांना स्वतःचे आयुष्य दाखवणारी पुस्तके हवीत आणि इतरांचे आयुष्य दाखवणारीही हवीत. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मुलांचे रोजचे जगणे साहित्यात आणले, २०१६मध्ये पराग उपक्रमाचा पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना मिळाला. तरी वडील रात्रपाळी करून झोपलेले आहेत म्हणून दिवसा एका खोलीत आवाज न करता खेळणारे मूल आपल्या बालसाहित्यात फारसे भेटत नाही. आपले घर पुस्तकात कधीच न दिसलेल्या मुलाला केवळ उपदेश देत राहिलो, तर पुस्तके दुसऱ्याच कुणासाठी असतात असा त्याचा समज होतो. त्याला आधी आपलेसे वाटणारे काही मिळू द्यावे. उपदेशाचे पुढे पाहता येईल.

याच्या अगदी उलट म्हणणारेही आहेत. मोठ्यांनी मध्ये पडूच नये, कपाटे उघडी ठेवावीत, मूल स्वतः निवडील. उघड्या कपाटांचा आग्रह रंगनाथनांनीही धरला होता आणि तो योग्यच आहे. पण ज्या मुलाला एकाही लेखकाचे नाव ठाऊक नाही, त्याला पाचशे पुस्तकांसमोर उभे करून ‘घे हवे ते’ म्हणणे हे स्वातंत्र्य कमी आणि हात झटकणे जास्त. ज्या घरात आई-वडील, आत्या-मामा पुस्तकांची नावे सहज घेतात, तिथल्या मुलाची निवड स्वतंत्र दिसते, कारण तिच्यामागची शिफारस आपल्याला दिसत नाही. इतरांना ती शिफारस शाळेने पुरवायची आहे. चार पुस्तके समोर ठेवावीत, प्रत्येकाविषयी दोन वाक्ये बोलावीत आणि निवड मुलावर सोडावी. नाही म्हणायचा हक्क त्यात आलाच. राहिला मोबाइल. २०१५पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कितीतरी भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत, बालभारतीच्या १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संगणकावर वाचता येतात. ही मोठी सोय आहे, पण तिने निवडीचा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. यंत्र मागच्यासारखेच पुढचे दाखवते. भुताच्या गोष्टींत रमलेली मुलगी आता धीट झाली आहे आणि तिला खऱ्या धाडसाची हकिकत पेलेल, हे तिच्याशी बोलणाऱ्यालाच कळते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे करायचे कोणी? प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नाही. माध्यमिक शाळेत ते पटसंख्येवर ठरते आणि बऱ्याच ठिकाणी ग्रंथपाल अर्धवेळ असतो. शिक्षकाच्या अंगावर मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती आहेच. त्याच्यावर आणखी एक काम लादणे अन्यायाचे ठरेल, हे मान्य करायला हवे. म्हणून हे काम ‘आवडीने करा’ असे सांगून मोकळे होता येणार नाही. गोव्यात पणजीच्या ‘बुकवर्म’ या २००५मध्ये सुरू झालेल्या संस्थेने शाळांत जाऊन पुस्तके वाचून दाखवणारे, घरी देणारे आणि त्यावर मुलांशी बोलणारे प्रशिक्षित कार्यकर्ते घडवले. म्हणजे हे शिकता येते आणि शिकवताही येते. आपल्याकडे शाळांची केंद्रे आहेतच. एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक फिरता ग्रंथपाल नेमणे शासनाला अशक्य नाही. आणि या पट्ट्यात आणखी एक मार्ग आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्चावे लागतात. कपाट देणे, भिंत रंगवणे सोपे, कारण त्यावर नाव घालता येते. एखाद्या ग्रंथपालाचे पाच वर्षांचे वेतन आणि प्रशिक्षण यांवर नावाची पाटी लागत नाही, पण ज्या कामगारांच्या श्रमावर तो नफा उभा आहे त्यांच्या मुलांपर्यंत पुस्तक पोहोचते ते त्यानेच. कारखान्यात भांडारात किती सुटे भाग पडून आहेत यावरून भांडारपालाची कदर होत नाही. लाइनला लागेल तो भाग वेळेवर पोहोचला का, हेच पाहतात. शाळेच्या कपाटालाही तोच निकष का लावू नये?

पद मिळेपर्यंत थांबायचे का, हा प्रश्न उरतो. थांबू नये. वरच्या वर्गातली मुले खालच्यांना पुस्तक सुचवू शकतात; ‘मला हे आवडले, कारण’ असे मुलाने मुलाला सांगितलेले जितके पोहोचते तितके मोठ्यांचे पोहोचत नाही. शनिवारच्या तासात दहा मिनिटे त्यासाठी निघू शकतात. हरवलेल्या पुस्तकांसाठी काही टक्के सूट असल्याचे मुख्याध्यापकांनी लेखी सांगितले तर कपाटाचे कुलूप तेवढ्यानेही निघेल. मात्र या सगळ्याच्या आधी एक अट मोठ्यांनाच पाळावी लागेल. जो स्वतः मुलांची पुस्तके वाचत नाही, त्याला ती सुचवण्याचा अधिकार नाही. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस म्हणजे न चाखलेले दुसऱ्याला वाढणे. मुलांनी वाचावे असे मनापासून वाटणाऱ्या शिक्षकाने, पालकाने, शिक्षणाधिकाऱ्याने आणि देणगीदारानेही या महिन्यात मुलांसाठी लिहिलेली चार पुस्तके वाचावीत. ती कोणत्या मुलाला द्यावीत हे वाचता वाचता त्यांना आपोआप सुचू लागेल. ज्यांना एकही मूल आठवणार नाही, त्यांनी पुस्तके वाटण्याआधी मुलांमध्ये थोडे बसावे.