चेहऱ्यानं बोलायला शिकताना

भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी व्हायचं, तर नुसते हात हलवून भागत नाही. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. खुणा त्याच, अर्थ वेगळा. या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून हातांवर उतरत नाही.

त्याहून कठीण म्हणजे स्वतःला बाजूला ठेवणं. डॉक्टर वाईट बातमी सांगतात, तेव्हा दुभाष्यानं ती सौम्य करायची नसते, बाहेर कुणाला सांगायचीही नसते.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी दुभाष्याच्या मदतीनं हजर झाल्या. पण तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, बाळंतिणीच्या खाटेशी दुभाषी कुठे आहे? बारावी झालेल्या मुलामुलींनो, असा दुभाषी होण्यासाठीची पदविका मिळते. जरूर चौकशी करा.