नदीकाठी बसून

वाचन : प्रेषितांची कृत्ये 16:6-15

त्रोवस इथे रात्री पौलाला दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक पुरुष उभा राहून त्याला मदतीला बोलावत होता. पौल, सीला, तीमथ्य आणि बहुधा हा वृत्तान्त लिहिणारा लूक असे सगळे समुद्र ओलांडून फिलिप्पै शहरात पोहोचले. शहर नामांकित, रोमी लोकांची वसाहत. दृष्टान्तातला तो पुरुष मात्र कुठे भेटल्याचं लूक सांगत नाही. शब्बाथ दिवशी ही मंडळी वेशीबाहेर नदीकाठी गेली, तिथे प्रार्थनेची जागा असेल असा त्यांचा अंदाज होता. तिथे काही बायका जमल्या होत्या. पौल आणि त्याचे सोबती खाली बसले आणि त्यांच्याशी बोलू लागले.

बसणं ही त्या काळच्या गुरूची शिकवण्याची पद्धत होती, हे खरं. पण समोर मोजक्या बायका, आणि त्यातली एकच नावानिशी आपल्यापर्यंत आली आहे : लुदिया, जांभळ्या वस्त्रांची व्यापारी. तिचं गाव थुवतीरा, म्हणजे आशियातलं. याच अध्यायात थोडं आधी वाचलं तर लक्षात येतं की आशियात वचन सांगायला पवित्र आत्म्याने पौलाला मनाई केली होती. म्हणजे जो प्रांत त्याला सोडावा लागला, त्याच प्रांतातली बाई परक्या शहरात, नदीकाठी, त्याची पहिली श्रोती झाली. कितीही नकाशे पसरून योजना आखली असती तरी ही भेट तिच्यात बसली नसती. पौलाच्या हातात एवढंच होतं, की समोर आलेल्या माणसांपाशी बसायचं.

फिलिप्पैच्या मंडळीची सुरुवात ही अशी. लुदियेने घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि पाहुण्यांना आग्रहाने घरी ठेवून घेतलं. पुढे पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात पडले, तेव्हा तिथला अधिकारी भेटला. त्यानेही त्याच रात्री घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं, त्यात अध्यक्ष आहेत, सेवक आहेत, पौलाला पाठवलेली मदत आहे, आणि दोन बायकांचं आपसात न पटणंही आहे. म्हणजे तोवर रीतसर मंडळी झाली होती. या सगळ्याआधी काही माणसांशी, समोर बसून, झालेलं बोलणं होतं.

आता पुण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या उपनगरात नवी मंडळी सुरू होते तेव्हा काय होतं ते पाहू. रविवारचा हॉल भाड्याने घेतलेला असतो. शनिवारी रात्री तिथे कुणाचं तरी बारसं झालेलं असतं, म्हणून सकाळी साडेसातला तरुण संघाची दोन पोरं फुगे फोडून, केर काढून जागा लावतात. पाळकसाहेब एक्स्टेन्शनची वायर शोधत असतात. माइक शिट्टी मारतो. कीबोर्डवाला येणार की नाही ते पावणेनऊपर्यंत ठरलेलं नसतं. सोमवारी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टच्या कागदांसाठी चक्कर, मंगळवारी प्रार्थनासभा, बुधवारी फ्लेक्सचं डिझाइन, आणि सगळा आठवडा व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारची वेळ कळवणं. यातलं एकही काम वाईट नाही, टाळण्यासारखंही नाही. पण शनिवारी रात्री त्याच पाळकाला विचारलं, की या आठवड्यात येशूला न ओळखणाऱ्या एका तरी माणसाशी निवांत बोललात का, तर उत्तर यायला वेळ लागतो.

प्रभूच्या कामात गुंतलेला माणूस सुवार्तेपासून किती सहज लांब जातो, हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं आणि आतल्याला दिसत नाही. त्यात पहिल्या वर्षी आकडे फसवतात. नव्या उपासनेला येणारे बहुतेक जण आधीपासूनच ख्रिस्ती असतात. नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांना घराजवळ मराठी उपासना हवी असते. त्यांची सोय व्हायलाच हवी. परक्या शहरात आपल्या भाषेत प्रार्थना करायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. काही जण मात्र जुन्या पाळकावर रुसून आलेले असतात. सांगायचं ते एवढंच, की हजेरी वाढते, दान वाढतं, अहवाल छान दिसतो, आणि तरीही पैसे या खिशातून त्या खिशात गेलेले असतात.

याच हॉलबाहेर छोटा हत्ती घेऊन आलेला मंडपवाला उभा असतो. दर रविवारी खुर्च्या उतरवतो, उपासना संपेपर्यंत गाडीत बसून मोबाइल पाहतो आणि पुन्हा खुर्च्या भरून जातो. दीड तास आतलं गाणं आणि प्रवचन त्याच्या कानावर पडत असतं. आत जगासाठी प्रार्थना चाललेली असते. त्याचं नाव फक्त खजिनदाराला माहीत असतं, कारण पावतीवर लिहावं लागतं. त्याला लगेच आत ओढून आणा असं मी म्हणत नाही. त्याचं भाडं आपल्या हातात आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जड जाईल, हे ओळखूनच त्याच्याशी वागावं. पण खुर्च्या उतरवायला हात लावावा, चहा द्यावा, घरी कोण असतं, धंदा कसा चालला आहे विचारावं. त्याने आपणहून विचारलं की तुम्ही इथे नेमकं काय करता, तर तेव्हा उत्तर देणारा पाळक वायर शोधत नसावा.

हे काम सुवार्ता समितीकडे सोपवता येतं असं पुष्कळांना वाटतं. समिती म्हटली की बैठक आली, बैठकीत पत्रकं किती छापायची यावर तास गेला, आणि पत्रकं वाटून झाली की काम झालं असं सर्वांनाच वाटू लागलं. पत्रकाचा राग नाही, यूट्यूबच्या लिंकचाही नाही. पण पत्रकाला प्रश्न विचारता येत नाही. माणसाच्या मनात पहिला प्रश्न बहुधा सिद्धान्ताचा नसतो. बायको काय म्हणेल, आईला काय वाटेल, गावी काय बोलतील, मुलीचं लग्न कुठे जमेल, असले प्रश्न असतात, आणि ते कागदाला विचारत नाहीत. पौलाने तीमथ्याला इफिसात ठेवलं ते तिथली मंडळी सांभाळायला. शिक्षण, वडिलांची निवड, विधवांची काळजी, सगळी कामं त्याच्यावर होती. तरी शेवटच्या पत्रात तो त्याला सुवार्तिकाचं काम करायला सांगतो. मंडळी सांभाळणाऱ्याला या कामातून सुटी मिळालेली नाही. खुद्द पौलाने याच इफिसात घरोघर जाऊन शिकवलं होतं आणि एकेकाला डोळ्यांत पाणी आणून समजावलं होतं, हे त्याने तिथल्या वडिलांचा निरोप घेताना स्वतःच सांगितलं आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला तर हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. 1893 च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. बोलणं निघालं ते काव्यावर, संस्कृत साहित्यावर. मग धर्मावर आलं. त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि मन लावून वाचायला सांगितलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळक अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी उपासनेत आपण जी गीतं डोळे मिटून गातो, त्यांतली कितीतरी त्या एका प्रवासातल्या गप्पांच्या पोटी आहेत. आणि त्या गप्पा पापावरून किंवा नरकावरून सुरू झाल्या नाहीत. समोरच्याला काय आवडतं ते त्या माणसाने आधी पाहिलं.

तरी घरात काय झालं तेही वाचावं. टिळकांसारखा वाणीचा माणूस, पण पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग लगेच आल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर ताटातूट झाली, माहेरच्यांचा आकांत झाला. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या तरी सोवळंओवळं पाळत राहिल्या, आणि जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा निवाडा त्यांनी स्वतःच्या मनाशी केला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सुवार्तिकाच्या घरच्या माणसालाच पाच वर्षं लागली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं, की ती पाच वर्षं वाया गेलेली नव्हती. त्यांनी घेतलेला निर्णय पूर्ण त्यांचा होता, म्हणून तो पुढे कुणाला मोडता आला नाही. नव्या मंडळीच्या पाळकाला सहा महिन्यांत फळ दिसलं नाही तर घाई सुटते, हॉलचं भाडं तर दर महिन्याला द्यावं लागतं. हॉलच्या भाड्याचा हिशेब आणि माणसाच्या मनाचा हिशेब एका वहीत मांडू नये.

घाईतून दुसराही धोका येतो. आपल्या देशात घटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. यावर कायद्याच्या अंगाने वाद घालणारे घालोत. मला तर सुवार्तेची खरी रीत त्या मर्यादेत नीट बसते असं वाटतं, कारण मन पालटणं हे माणसाचं काम नाहीच. लुदियेचं अंतःकरण प्रभूने उघडलं असं लूक लिहितो, पौलाने उघडलं असं लिहीत नाही. आमिष, भीती, आजारपणाचा गैरफायदा, मोठमोठी आश्वासनं हे सगळं तिथेच शिरतं, जिथे सांगणाऱ्याला संख्येची गरज असते. एका माणसाशी उघडपणे, त्याच्या घरच्यांच्या देखत, पुन्हा पुन्हा बोलणं यात लपवण्यासारखं काही नसतं. त्याला हवं तेव्हा तो विषय बदलू शकतो, आणि पुढच्या वेळी चहाला आपणहून बोलावू शकतो.

देखत हा शब्द मी मुद्दाम घातला. व्यक्तिगत साक्ष म्हणजे माणसाला घरातून बाजूला काढून कोपऱ्यात बोलणं, असा एक समज आहे आणि तो आपल्याकडे फार नडतो. दमोह इथे जन्मलेले आणि मध्य प्रांतात वर्षानुवर्षं काम केलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी 1955 साली पुस्तक लिहून हेच मांडलं, की माणसं नात्यागोत्याच्या वाटेने ख्रिस्ताकडे येतात आणि एकेकाला त्याच्या लोकांतून तोडून आणलं की पुढची वाट बंद होते. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. एकाच जातीची मंडळी बांधण्याला त्यातून आधार मिळतो, आणि जातीचं काय करायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी कधीच सोडवून ठेवला होता. पण घराचा मुद्दा बरोबर आहे. लुदिया घरच्यांसह आली, तुरुंगाचा अधिकारी घरच्यांसह आला. एकाशी बोलावं ते त्याच्या मागे उभं असलेलं घर डोळ्यांपुढे ठेवून.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. मंडळी म्हणून त्याची घडी कशी बसली असती यावर मतभेद होते आणि राहतील. बाप्तिस्म्याला असं बाजूला ठेवता येतं का, हा प्रश्न मलाही पडतो. पण दाराशी घुटमळणाऱ्या माणसासाठी आत जागा धरून ठेवायची, ही त्यांची ओढ आजच्या नव्या मंडळ्यांत क्वचित दिसते. आपल्याकडे हजेरीपट आहे, सभासदांची यादी आहे. जो अजून कुठल्याच यादीत नाही, त्याच्यासाठी कुणाच्या आठवड्यात किती वेळ राखलेला आहे?

याची सोय अगदी साधी आहे आणि ती पहिल्याच महिन्यात करावी, नंतर जमत नाही. हॉल, माइक, खुर्च्या, ट्रस्टचे कागद ही कामं वडिलांनी आणि तरुण संघाने वाटून घ्यावीत. पाळकाच्या दोन संध्याकाळी मोकळ्या राहतील असं मंडळीनेच ठरवावं, आणि त्या संध्याकाळी त्याला कुणी फोन करू नये. तो कट्ट्यावर दिसला, कुणा शेजाऱ्याच्या आजारी वडिलांपाशी बसलेला दिसला, गॅरेजमध्ये चहा पिताना दिसला, तर पाळक रिकामे फिरतात असं बोलू नये. महिन्याच्या सभेत त्याच्याकडे त्या भेटींचा आकडा मागू नये, नावं तर मुळीच मागू नयेत, कारण विश्वासाने बोललेलं सभेत वाचून दाखवायचं नसतं. त्यानेही प्रत्येक वेळी एका सभासदाला बरोबर न्यावं. आज शिंपीकाम करणाऱ्या बाई, पुढच्या आठवड्यात रिक्षा चालवणारा भाऊ. या दोघांना दिवसभरात जितकी माणसं भेटतात तितकी पाळकाला वर्षभरात भेटत नाहीत, आणि कुणाशी कधी गप्प बसायचं हेही त्यांना त्याच्यापेक्षा बरं कळतं.