भिंत आणि अधिसूचना

15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताला बाधक असलेल्या कोणत्याही धोरणासमोर मोदी भिंतीसारखा उभा आहे. आठवडाभर आधी, दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दी परिषदेत, त्यांनी त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजायची तयारीही दाखवली होती. अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी अडली होती आणि भारतीय मालावरचा तिथला कर 27 ऑगस्टपासून 50 टक्के होणार होता. अशा वेळी हे शब्द विदर्भात दिलाशाचे वाटले.

18 ऑगस्टला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली. कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क दुसऱ्या दिवसापासून 30 सप्टेंबरपर्यंत माफ झालं. दहा दिवसांनी ही मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

निर्णयाची एक बाजू खरी आहे. अमेरिकी कराचा पहिला फटका कापड आणि तयार कपड्यांना बसणार होता, गिरण्या स्वस्त कापूस मागत होत्या, आणि 2022 मध्येही काही महिने असंच शुल्क उठवलं गेलं होतं. सरकारी निवेदनात कापड उद्योगाला कापूस उपलब्ध व्हावा, असं कारण होतं. प्रश्न होता तो न सांगितलेल्या गोष्टींचा. देशात कमी पिकणाऱ्या अतिलांब धाग्याच्या कापसावरचं शुल्क फेब्रुवारी 2024 मध्येच गेलं होतं. म्हणजे ऑगस्टमधली नवी सवलत लागू झाली ती 32 मिलिमीटरपर्यंतच्या धाग्याला. यवतमाळ-वर्ध्याची पऱ्हाटी देते तो हाच कापूस! 28 मे रोजी हमीभाव जाहीर झाला होता, लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये. त्या आकड्याकडे बघून जूनमध्ये पेरणी झाली. ऑगस्टमध्ये पीक उभं असताना शेतकऱ्याने काय बदलावं?

वाटाघाटीत गुप्तता लागते, हे कोणीही मान्य करील. अडत्यादेखील आपला शेवटचा भाव आधी सांगत नाही. पण ही अधिसूचना कराराचं कलम नव्हती, समोर दुसरा पक्ष नव्हता. लपवायचं होतं कोणापासून? कारणांचा तपशील न दिल्यामुळे तर्कांना मोकळं रान मिळालं. कोणी म्हणालं, वॉशिंग्टनला खूण केली. कोणी म्हणालं, गिरण्यांपुढे मान तुकवली. सरकारकडे याहून चांगलं उत्तर असेलही. ते अधिसूचनेसोबतच यायला हवं होतं.

युरोपीय संघ हा धडा विरोधातून शिकला. अमेरिकेशी चाललेल्या करारावर रस्त्यावर निदर्शनं होऊ लागली तेव्हा 2014 मध्ये वाटाघाटींचा आदेश खुला झाला, आणि 2015 पासून प्रस्तावांचे मसुदे प्रसिद्ध होऊ लागले. ब्रिटनने भारताशी बोलणी सुरू करताना, जानेवारी 2022 मध्ये, आपली उद्दिष्टं छापली. भारतात करार करणं हा केंद्राचा अधिकार आहे, त्याला संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. शेती मात्र राज्यांच्या सूचीत आहे. या फटीमुळे राज्यांनाही नीट काही कळत नाही.

महाराष्ट्राला खुली चर्चा नवी नाही. जागतिक व्यापार वाटाघाटींतल्या 1991 च्या डंकेल मसुद्यावर इथे कडाक्याचे वाद झाले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले, शेतकऱ्यांच्याच दुसऱ्या संघटना विरोधात. पण वाद मसुदा समोर ठेवून झाला. आज वाद घोषणेवर होतो.

तेव्हा मागणी साधी आहे. आयातशुल्कात बदल करायचा तर तो पेरणीपूर्वी जाहीर करा. कोणत्या प्रतीचा, किती कापूस कमी पडतो, याचा आकडा सोबत द्या. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, तिचा अंदाज लोकांपुढे ठेवा. भाव पडला तर हमीभावाची खरेदी कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेपासून, हेही त्याच दिवशी सांगा. कारण सवलतीचे शेवटचे महिने, ऑक्टोबर ते डिसेंबर, हेच पहिल्या वेचणीचा कापूस घरात न ठेवता विकावा लागणाऱ्या शेतकऱ्याचे महिने आहेत.