कोपराला लावलेला गूळ

संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात जमिनीवर शोधून माणूस सापडत नाही. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस सगळं गाव गच्चीवर. खाली हलकडीचं वाद्य कडाडत असतं, वर पतंगांनी आभाळ भरलेलं. इथल्या पतंगबाजाच्या हातात फिरकी नसते, आसारी असते. ढील देताना ती सैल सोडायची आणि पतंग खेचायचा तर मनगट नि कोपर एक करून गरागरा फिरवायची. करीच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना उजवा हात कुरकुरतो. मग तेल, शेक, थोडी चेष्टा. दोन-चार दिवसांत विषय संपतो, कारण तीन दिवसांची हौस कोपर माफ करतं.

रोजचं राबणं मात्र ते माफ करत नाही. हे सगळ्यांत महागात शिकला तो अमेरिकेतला बेसबॉल.

१९७४ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन चेंडू टाकता टाकता थांबला. त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला होता. तोवर अशा पिचरची कारकीर्द तिथंच संपायची. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुरज्जू काढला, कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि तो त्यांतून ओवून बसवला. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्याने या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज शस्त्रक्रियेला नाव आहे ते रुग्णाचं, डॉक्टरांचं नाही.

मुळात हात असा फेकण्यासाठी घडलेलाच नाही. पिचर चेंडू सोडतो तेव्हा त्याचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७००० अंशांच्या वेगानं फिरतो. तेवढ्यात कोपराच्या आतल्या बाजूवर पडणारा पीळ एकट्या अस्थिबंधाला पेलणारा नसतो. आजूबाजूचे स्नायू त्यातला वाटा उचलतात. स्नायू दमले की सगळं ओझं अस्थिबंधावर येतं. म्हणजे घात एका जोरदार चेंडूनं होत नाही, दमल्यावर टाकलेल्या चेंडूंनी होतो.

म्हणून तिथं चेंडू मोजायला लागले. मुलांसाठीच्या २०१४ च्या नियमावलीत ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू घालून दिले आहेत. पण मोजणीवर वेगाची हाव मात करते. मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी १४७ किलोमीटर होती, ती २०२४ मध्ये १५१ च्या पुढे गेली. शोहेई ओहतानीसारख्या खेळाडूच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या. वेगाच्या अशा आमिषाला आपल्याकडे कोपराला गूळ लावणं म्हणतात. जीभ पोचत नाही, पण वास सुटत नाही.

क्रिकेटनं या दुखण्यातून अंग काढून घेतलं आहे, असं वाटतं खरं. गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे त्याची पाठ मोडते, कोपर वाचतं. पण फलंदाज? २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरानं असहकार पुकारला, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘टेनिस एल्बो’ हा शब्द पोचला. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मुलाची प्लॅस्टिकची बॅटसुद्धा पेलत नव्हती, असं त्यानंच सांगितलं आहे. ऑक्टोबरमध्ये तो नागपुरात श्रीलंकेविरुद्ध उतरला आणि ९३ धावा काढल्या.

गंमत अशी, की हा आजार टेनिसचा नव्हेच. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरनं त्याची नोंद केली ती लिहून लिहून हात आखडलेल्यांच्या संदर्भात. दहा वर्षांच्या आत इंग्लंडमध्ये त्याला लॉन टेनिसचं नाव चिकटलं. कारकुनाचं दुखणं साहेबाच्या खेळानं पळवलं, आणि ज्यांनी आयुष्यात रॅकेट धरली नाही, तेही आज त्याच नावानं औषध घेतात.

येवल्यात असं रॅकेट न धरलेलं माणूस पैठणीच्या मागावर बसतं. पदर विणताना रंगारंगाच्या तिल्ल्या ताण्याच्या धाग्यांतून बोटांनी सारायच्या, मग फणी ओढून धागा ठोकून बसवायचा. मान खाली, कोपर वाकलेलं, मनगट ताठ. साडेपाच मीटर साडीत इंचाला पन्नास धागे धरले, तरी फणी दहा हजारांहून अधिक वेळा ओढावी लागते. मोर, मुनिया, आसावलीनं भरलेला पदर असेल तर तीच साडी महिनोन् महिने मागावर राहते. मजुरी बहुधा नगावर, म्हणजे विश्रांतीचा प्रत्येक तास विणकराच्याच खिशातून जातो. पिचरला थांबवायला प्रशिक्षक असतो. इथं हात भरून आला तर कोपराला फडकं बांधून पुढची तिल्ली उचलायची.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कापडाची ओळख जपली गेली, हातांची मोजदाद त्यात येत नाही. ती मागापासूनच सुरू व्हायला हवी: तासाला दहा मिनिटं हात मोकळे, बैठकीची उंची विणकराच्या मापाची आणि नगाच्या मजुरीत त्या दहा मिनिटांचेही पैसे. अस्सल पैठणी पारखणारे पदर उलटा करून मागची बाजू बघतात. त्यांनी पुढच्या वेळी येवल्यात साडी घेताना एवढंच विचारावं, की विणणाऱ्याचा हात दिवसात किती वेळा थांबला.