कुलूप आधी, न्याय मागून

चोरासाठी केलेल्या कायद्याने दात्याचा हात बांधावा काय, हा प्रश्न खेड्यातील वाचकांस दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही. मार्च 2023 च्या नियमांप्रमाणे धर्मादाय संस्थेचे खाते असलेल्या बँकेस त्या संस्थेची माहिती, आधी नसल्यास, सरकारच्या ‘दर्पण’ नोंदणीत घालावी लागते, आणि खाते बंद झाल्यावरही ती पाच वर्षे जपावी लागते. हे नियम 2002 च्या धनशोधनविरोधी कायद्याखालील आहेत. गुन्ह्यातून आलेला पैसा शुद्ध कमाईच्या सोंगाने फिरविणे ह्यास धनशोधन म्हणतात.

हिशेब मागणे हा अन्याय नव्हे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला मनुष्य बरोबर घेतला, तो कोणी दोष लावू नये म्हणूनच. आमची हरकत हिशेबास नाही, कुलपास आहे.

ह्या कायद्याने सक्तवसुली संचालनालयास, गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच, लेखी कारणे नोंदवून खाते गोठविता येते. पैसा आपल्या नावावर दिसतो, परंतु काढता येत नाही. जामीन हवा तर आरोपी दोषी नसावा असे न्यायाधीशास वाटावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 27 जुलै 2022 रोजी हा कायदा बहुतांशी कायम ठेविला. श्रीमंत गुन्हेगार असल्या कुलपाने मरत नाही; त्याच्याजवळ वकील असतात व दुसऱ्या तिजोऱ्याही असतात. महिन्याच्या देणगीवर महिन्याचे वेतन देणारी संस्था मात्र मरते. ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडिया’ची खाती सप्टेंबर 2020 मध्ये गोठविली गेली, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेस तिने नोकरांस निरोप देऊन काम थांबविले. परदेशी देणग्यांचा कायदा तिने चुकविला, असे सरकारचे म्हणणे होते. ते खरे असो वा खोटे, शिक्षा निकालाची वाट पाहत बसली नाही.

कुलूप लावणे सोपे, काढणे कठीण, हे आमच्या मालेगाव तालुक्यास निराळ्या कारणाने ठाऊक आहे. शिरपूरच्या जैन मंदिरास दोन पंथांच्या वादामुळे लागलेले कुलूप निघावयास सुमारे 42 वर्षे लागली. ते 2023 मध्ये निघाले.

मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चा परदेशी देणग्यांचा परवाना 2016 मध्ये रद्द झाला. त्याबरोबर तिची स्वदेशी देणग्यांची खातीही अडकली. ती मोकळी करण्याचा हुकूम जानेवारी 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयास द्यावा लागला. स्वदेशी दात्यांनी काय अपराध केला होता?

अधिकारी म्हणतात, हे सर्व आंतरराष्ट्रीय नियमांसाठी आहे. ते नियम करणारे मंडळ ‘फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ हे होय. ऑक्टोबर 2001 मध्ये, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर, त्याने धर्मादाय संस्थांविषयी विशेष शिफारस केली. परंतु ह्या संस्था विशेष धोक्याच्या आहेत, हे वाक्य त्यानेच 2016 मध्ये काढून टाकले. आणि उपाय धोक्याच्या मानाने असावेत, प्रामाणिक कामास अडथळा होऊ नये, असे 2023 मध्ये अधिक स्पष्ट केले. सप्टेंबर 2024 च्या अहवालात ह्याच शिफारशीबाबत भारताचे पालन त्याने अपुरे ठरविले. ज्याच्या नावाने कुलूप लावावे, तोच किल्ली पुढे करीत आहे!

परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेस देण्याची मनाई झाली. शहरातील मोठ्या संस्थेने खेड्यातील लहान संस्थेस वाटा द्यावा, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली. त्या लहान संस्थेवर ना आरोप आहे, ना खटला.