रोजचं पाणी थांबव

चि. ओंकार,


फोटो पाहिला. पानं पिवळी पडताहेत म्हणून तू मनी प्लांटला रोज पाणी घालतोयस, ते आधी थांबव. हा वेल तहानेनं सहसा मरत नाही, लाडानं मरतो. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग वेल मान टाकतो, आपल्याला वाटतं तहानलाय, आणि आपण आणखी तांब्याभर ओततो. बोट दोन पेरं मातीत खुपस. कोरडं लागलं तरच पाणी दे. कुंडीच्या बुडाला भोक आहे का, तेही बघ. तुझी ती पांढरी चकचकीत कुंडी मला संशयास्पद वाटते. बुडाशी एखादंच जुनं पान पिवळं होऊन गळलं तर घाबरू नकोस, ते त्याचं म्हातारपण.

'ह्याला काही लागत नाही' असं नर्सरीवाल्यानं सांगितलं असेल. जगायला फारसं लागत नाही हे खरंच. फ्रिजवरच्या बाटलीतसुद्धा तो वर्षानुवर्षं तग धरतो. पण ती तळहाताएवढी पानं म्हणजे त्याचं पोरवय आहे. मूळचा हा प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटाचा, झाडांवर चढणारा वेल. कोकणात आंब्यावर नाहीतर माडावर चढलेला कधी नीट पाहा: पानं सुपाएवढी, कडेपासून चिरत गेलेली. ओळखूच येत नाही. खाली लोंबकळत सोडला की पानं लहान राहतात, वर चढायला आधार मिळाला की मोठी होत जातात. म्हणून कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोव आणि काथ्या ओलसर ठेव, म्हणजे हवेतली मुळं तिला धरतील. उजेड खिडकीजवळचा हवा, दुपारचं ऊन नको. अंधारात पानांवरचे पिवळे पट्टे फिके होतात.

फुलाची मात्र वाट बघू नकोस. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक हा वेल पुरेसं तयारच करू शकत नाही, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. संशोधकांनी ते बाहेरून फवारलं तेव्हा कुठे फुलं आली. म्हणजे जगभरच्या खिडक्यांत हा पोचला तो बियांवाचून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती तुकडे जात जात. चोरून आणलेलाच मनी प्लांट लागतो म्हणतात ना? चोरीचा असो वा विकतचा, तुकड्याला गाठ हवी. नुसतं पान पाण्यात ठेवलंस तर त्याला मुळं फुटतील, पण नवा कोंब येणार नाही.

बाटलीत लावलास तर दर आठवड्याला पाणी बदल आणि बाटली आतून घासून घे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरात येऊन ह्याच बाटल्या का तपासतात, ते आता कळलं असेल. तुझ्या घरमालकीणबाईंच्या मांजरालाही जपायला हवं. हा वेल अळूच्याच कुळातला, आणि कच्चं अळू ज्या स्फटिकांमुळे घशाला खाजतं तेच ह्याच्या पानांतही असतात.

हवा शुद्ध होते म्हणून घेतलास, असं तू लिहिलंयस. 1989 मध्ये नासानं केलेल्या ज्या प्रयोगावरून असं म्हणतात, तो बंद पेटीतला होता. 2019 च्या एका आढाव्यात हिशेब मांडला आहे: उघड्या खिडकीइतकं काम करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. एवढी झाडं ठेवलीस तर तू झोपणार कुठे? खिडकी उघडत जा.

आता रविवारी वेळ काढ आणि वेल कुंडीतून अलगद उपटून बघ. मुळं पांढरट, घट्ट असली तर तसाच परत लाव आणि माती वाळेपर्यंत थांब. तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असली तर तेवढी कापून टाक नि कोरड्या, भुसभुशीत मातीत लाव. सगळीच गेली असली तर वरचे हिरवे तुकडे गाठीखाली कापून बाटलीत ठेव, आठवड्या-दोन आठवड्यांत नवी मुळं दिसू लागतील. उरलेले तुकडे कचऱ्यातच टाक, टेकडीवर नेऊन फेकू नकोस. मोकळ्या रानात हा इतर झाडांना झाकून टाकतो. आणि मला फोटो पाठव, पण पानांचा नको, मुळांचा पाठव.

तुझी,
आत्या